चढावरचा नेम

मी शाळेत खेळाची बाई आहे. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, रापलेलं नाक आणि बारमाही बसलेला घसा, असा सगळा थाट आहे माझा. धाराशिवला गावाबाहेर एक बोडका माळ आहे. तो पुढं जाऊन एकदम खाली उतरतो आणि ओढा ओलांडला की टेकडीला लागतो. दर शनिवारी तिथं मी मुलींना धनुष्यबाण शिकवते. सपाट मैदानावरही शिकवता येतं, पण मला ते आवडत नाही. तिथं बाई अंतराचा आकडा सांगते आणि मुली धनुष्यावरची नेमाची पट्टी, म्हणजे साईट, त्या आकड्यावर सरकवून मोकळ्या होतात. चढउतारावर आणलं की एकेकीची फजिती होते, आणि फजिती झाल्याशिवाय माझा तास मला तास वाटत नाही.

उतारावर खाली मारायचं असेल तर नेम थोडा खाली धरावा लागतो. याचं कुणाला नवल वाटत नाही. पण चढावर, वरच्या बाजूला मारायचं असेल तरीही नेम खालीच धरायचा असतो, हे सांगितलं की मुली एकमेकींकडे बघतात. बाईंचं डोकं फिरलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. वर मारायचं म्हणजे बाण कमी पडणार, म्हणून वर धरायचं, हे प्रत्येकीला अगदी उघड वाटतं. मग त्या वर धरतात आणि बाण टार्गेटच्या डोक्यावरून झुडपात जातो. मग मी शिडीचं उदाहरण देते. भिंतीला टेकवलेली शिडी दहा हात लांब असली तरी तिचं बूड भिंतीपासून पाच हातांवरच असतं. बाणाला जमीन खाली ओढते ती त्या सपाट अंतरापुरतीच. चढ असो की उतार, डोळ्याला चाळीस मीटर दिसलं तरी बाणाच्या लेखी ते पस्तीसच.

दुसरी गोष्ट कंबरेची. नुसता हात खाली-वर करायचा नाही. खांदे, हात, मान जशीच्या तशी ठेवून अख्खं धड कंबरेतून वळवायचं. शेतातल्या मुलींना उतारावर हे सांगावं लागत नाही, कारण ज्वारी काढून काढून त्यांच्या कंबरेला ते ठाऊक असतं. चढावर मागं झुकणं मात्र त्यांनाही जमत नाही, तिथं सगळ्या सारख्याच.

हे सगळं मी घडाघडा सांगते. यातलं उतारावरचं मला माझ्या बहिणीनं शिकवलं, आणि चढावरचं मी तिच्यापासून लपवलं. ते काही मी मुलींना सांगत नाही.

आमचं गाव तुळजापूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं. शेत डोंगराच्या पोटाशी, तिरपं उतरणारं. वरच्या बांधाला चार मेढींवर माळा बांधलेला असायचा. ज्वारीत दाणा भरला की पाखरं राखायचं काम आम्हा दोघी बहिणींचं. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या हातात गोफण आली की मी माळ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची, कारण गोफण फिरवताना तिला आजूबाजूचं काही दिसत नसे. भोरड्यांचा थवा खालच्या वाफ्यात उतरला की ती उठायची, एक फेर घ्यायची आणि सोडायची. ज्वारीच्या ज्या ताटावर पाखरू बसलेलं असायचं ते ताट हलायचं. ताट हललं की पाखरू उडायचं. मारायचं नव्हतंच आम्हाला, नुसतं उठवायचं होतं.

माझे गुंडे, म्हणजे गोफणीतले दगड, मात्र सगळे थव्यावरून पलीकडं, ओढ्यात. एकदा ती वैतागून म्हणाली, "आगं, कणसाकडं काय बघतीस? वरनं मारताना बुडाकडं धर. बुडाकडं धरलं की कणसाला लागतंय." असं का, ते तिला सांगता आलं नाही. तिनं विचारच केला नव्हता. पण मी बुडाकडं धरलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या गुंड्यानं ताट हललं. आक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला. तिचा आनंद असाच असायचा, मार दिल्यासारखा.

दहावीनंतर आक्काची शाळा सुटली. पुढची शाळा लांब, एसटी वेळेवर नाही आणि घरात माणूस पाहिजे, अशी तीन कारणं आण्णांनी, आमच्या वडिलांनी, दिली. आक्का माझं आठवीचं पुस्तक चुलीपुढं बसून वाचायची, आणि मी मागायला गेले की पान संपेपर्यंत द्यायची नाही.

त्याच वर्षी जिल्ह्याच्या गावाहून एक सर आले. धनुर्विद्येच्या केंद्रासाठी खेड्यापाड्यांतल्या मुली निवडत होते. आमच्या गावातून एकच मुलगी घ्यायची होती. अठराच्या आतली कुणीही चालेल, शाळेत असो नसो, आणि निवडली गेली तर राहणं, जेवणं, पुढचं शिक्षण सगळं केंद्रात. आण्णांनाही यात खर्च नाही म्हटल्यावर नाही म्हणायला जागा उरली नाही. सरांनी शाळेत दोन बांबूची धनुष्यं ठेवली, ताण कसा द्यायचा ते दाखवलं आणि महिन्याभरानं येतो म्हणून गेले.

तो महिना मला अजून दिवसागणिक आठवतो. संध्याकाळी आक्का कामं उरकून शाळेच्या आवारात यायची, हात पदराला पुसत. आम्ही दोघी पोत्यात भुसा भरून त्यावर मारायचो. गावातल्या दुसऱ्या मुली आठवड्यात कंटाळल्या. राहिलो आम्ही दोघी, आणि सगळ्या गावाला माहीत होतं की जायची ती आक्काच. मलाही माहीत होतं.

सर येण्याच्या तीन दिवस आधी भर दुपारी मी एकटीच धनुष्य घेऊन ओढ्यात गेले. शाळेला दांडी मारली होती. ओढ्यातून वर डोंगराच्या उतारावर एक पळसाचं खोड होतं, त्यावर मारत बसले. वर धरून मारलं, बाण खोडावरून गेला. अजून वर धरलं, अजून वरून गेला. मग रागानं खाली धरून मारला आणि बाण खोडात बसला. मला वाटलं चुकून झालं. पुन्हा मारला, पुन्हा बसला. म्हणजे वर मारतानाही बुडाकडंच धरायचं! धावत जाऊन आक्काला सांगावं म्हणून मी उठले, आणि ओढ्याच्या काठापर्यंत जाऊन थांबले.

का थांबले, ते मी इतकी वर्षं गोड करून सांगायचा प्रयत्न केला आहे. लहान होते, वगैरे. चौदा वर्षांची होते, लहानबिहान काही नव्हते. मला जायचं होतं. एसटीत बसून जायचं होतं, स्वतःची कॉट पाहिजे होती, चुलीपुढचा धूर नको होता. तिलाही तेच सगळं पाहिजे होतं आणि माझ्याहून जास्त पाहिजे होतं, हे मला कळत होतं. तरी मी घरी गेले आणि गप्प बसले.

सर आले. त्यांनी आमच्याच डोंगराच्या अंगाला दोन टार्गेटं लावली, एक खाली ओढ्याकडं, एक वर. तीन बाण खाली, तीन बाण वर. आक्कानं खालच्या टार्गेटवर तिन्ही बाण लावले. गोफणीचा हात तो! माझा पहिला बाण वरून गेला. घाबरून मला काहीच सुचत नव्हतं. तेवढ्यात मागून आक्का म्हणाली, "बुडाकडं धर गं, येडे." सरांनी डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं. तिनं जीभ चावली, पण सांगायचं ते सांगून झालं होतं. माझे पुढचे दोन बाण लागले.

मग वरचं टार्गेट. आक्काची पाळी आधी. ती उभी राहिली, तिनं नेम धरला, आणि तिच्या कोपरावरून मला दिसलं की ती वर धरते आहे. माळ्यावरून वर मारायची वेळ कधी येते कुणावर? बाण गेला तो वरच्या गवतात दिसेनासा झाला. वरून गेला की अलीकडं पडला, ते खालून तिला कळलं नाही. गवत सगळं सारखंच पिवळं. तिनं वळून मला विचारलं, "कमी पडला का गं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तिनं अजून वर धरलं. तिसरा त्याहून वर. तिन्ही बाण पळसाच्या पलीकडं सापडले, पण ते नंतर. माझे तीनातले दोन लागले. सरांनी माझं नाव लिहून घेतलं, आणि आक्कानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला ठसका लागला.

पुढचं काय सांगू? मी केंद्रात सहा वर्षं काढली. स्पर्धा खेळले, काही जिंकले, पुष्कळ हरले. त्यातून नोकरी लागली. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आक्काचं लग्न दोन वर्षांनी झालं, परंड्याकडं, सपाट काळ्या रानाच्या गावात. मी स्पर्धेहून थेट मांडवात गेले होते, ट्रॅकसूटमध्ये. आईनं मला आत नेऊन साडी गुंडाळली.

मला तिची फार आठवण येते, हे लिहितानासुद्धा कसंतरी होतं, कारण असलं आम्ही एकमेकींना कधी बोललो नाही. माळावर मुलींना शिकवताना एखादी गोफण फिरवल्यासारखी तोल सावरत उभी राहते, आणि माझा जीव तुटतो. मुलगी चुकली की मी ओरडते, लागला तर पाठीत धपाटा घालते, आणि धपाटा घातल्यावर माझाच हात मला आक्काचा वाटतो. आई गेली, मग आण्णा गेले, शेत दुसऱ्याकडं गेलं. उरलो आम्ही दोघी, आणि मध्ये एसटीचे अडीच तास. तेवढं अंतर मी वर्षाकाठी एकदाही धड पार केलं नाही.

आठ वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली. आक्काला एकदा टेकडीवर आणायचं, चढावरच्या टार्गेटसमोर उभं करायचं, कुठं धरायचं ते सांगायचं आणि तिचा बाण लागलेला बघायचा. मग तिला खरं काय ते सांगायचं. मी तिच्यासाठी हलक्या ताणाचं धनुष्य घेतलं. टेकडीवर एका पळसाजवळ जागा हेरली. नागपंचमी आली की मी फोन करायची. "आक्के, टार्गेट लावलंय, ये." कधी तिच्या सासूचे गुडघे दुखत होते, कधी गाय व्यायला झाली होती, कधी सोयाबीनला फवारणी. दर वर्षी काहीतरी. दर वर्षी मी टार्गेट लावायची आणि पावसात भिजलेलं काढून आणायची. मला वाटायचं, तिच्या मनात ती गोष्ट आहे. कळलंय तिला. म्हणून टाळते.

यंदा मी ठरवलं, आता फोनबिन नाही. पंचमीला माहेरवाशिणीला न्यायला माहेरचं कुणीतरी जातं, त्याला मुराळी म्हणतात. आमच्याकडं आता पुरुष कुणी नाही, तर मीच मुराळी. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळची परंड्याची गाडी धरली. धनुष्याची बॅग इतकी लांब, की कंडक्टरनं विचारलं, "बाई, मासे धरायला निघालाव का?" अख्खा रस्ता मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते.

आक्का अंगणात बसून लाह्यांसाठी ज्वारी पाखडत होती. मला बघून ताडकन उठली, तोंडभरून हसली. मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर गेली आणि हसू तिथंच राहिलं.

"मुराळी म्हणून आलीस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"अन् हातात ह्ये?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मुराळ्यानं घेऊन जायचं असतं ते मी काहीच आणलं नव्हतं. खण नाही, बांगड्या नाहीत, पावशेर पेढेही नाहीत. तुळजापूरच्या इतक्या जवळ राहून कुंकवाची पुडीसुद्धा नाही. बारा बाण मात्र मोजून आणले होते.

ती म्हणाली, "आत ये. बूड टेक आधी."

चहा झाला. आक्का सूप घेऊन उंबऱ्याशी बसली. घरातली सगळी रानात गेली होती. आता नाही तर कधीच नाही असं वाटून मी सरळ सुरुवात केली. "आक्के, सर आलते तवा तू मला इचारलं हुतंस, कमी पडला का म्हणून. म्या व्हय म्हणलं. खोटं बोलले. वरनं गेलता बाण. मला ठावं हुतं."

आक्काचं सूप थांबलं. "कवा गं?"

"सर आलते न्हाय का, निवडायला."

"बरं मग?"

"मग काय? तुझी जागा म्या घेतली."

तिनं थोडा वेळ आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "मला न्हाय बा आठवत असलं काय. तुझी नजर बारीक, तू गेलीस. एवढंच ध्यानात हाय."

मला रागच आला. बावीस वर्षं मी हे उराशी घेऊन बसले आणि हिच्या ध्यानातसुद्धा नाही! मी म्हटलं, "चल भायेर. एक बाण मार. त्या घरामागच्या बंधाऱ्याच्या भरावावर टार्गेट लावते, चांगला चढ हाय."

"आगं, मला न्हाय मारायचा."

"एकच."

"न्हाय म्हणलं ना!" सूप बाजूला सारून ती म्हणाली. आक्का माझ्यावर अशी ओरडलेली मला आठवत नाही. "दोन वर्सांमागं माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. बार्शीच्या दवाखान्यात आठ दिस पडून हुते. तू फोन केलतास. काय म्हणलीस, ध्यानात हाय का?"

मी बॅगेच्या चेनीला लावलेला हात काढला.

"म्हणलीस, आक्के, धनुष्य ओढायला किती म्हैने लागतील, डॉक्टरला इचारून ठिव."

मला आठवलं. अगदी शब्दन्‌शब्द आठवला. ते म्हणताना मला वाटलं होतं, मी तिची काळजी करते आहे.

"आठ वर्सं बोलावतीस. टार्गेट लावलंय, ये. हलकं धनुष्य घेतलंय, ये. नुसतं ये म्हणून कवा म्हणलीस? आय-आण्णा गेल्यावर मला माहेर कुठं हाय सांग बरं? लोकाच्या लेकीबाळी पंचमीला जात्यात, म्या हितं सासूला सांगते, आमची धाकली कामात आसती."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. आक्कानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, पण पाखडलं नाही. सूप धरताना तिनं डावा हात कंबरेवर ठेवला आणि जरा वाकडी होऊन बसली. मी आल्यापासून ती तशीच बसली होती. मी शाळेत साठ मुलींच्या कंबरा बघते. कुणाचा खांदा एक बोट खाली आला तरी मला लांबून दिसतं.

माझ्या मनात जुळवून आणलेली सगळी वाक्यं होती, त्यातलं एकही कामाचं नव्हतं. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"आक्के, अजून दुखतं का गं?"

तिनं सुपातल्या ज्वारीतला एक खडा वेचला, तो अंगणात टाकला, आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं.

"आता इचारलंस व्हय," ती म्हणाली.